भिंतीअलीकडची शांतता

हमरस्त्याच्या कडेची आवाज अडवणारी भिंत मीच आखली, आणि तिच्याच मागच्या इमारतीत राहतो. बायको गेल्यापासून घरात मी एकटा. रोज संध्याकाळी परगावच्या लेकीचा फोन येतो, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. त्याच्या आशेवर दिवस काढतो.

भिंत फक्त आमच्या बाजूला आहे. पलीकडच्या वस्तीतली घरं नकाशावर नव्हती, आणि नकाशावर नसलेल्यांना कान नसतात असा आमच्या खात्याचा समज. गुळगुळीत काँक्रीटवर आपटून आवाज त्यांच्याकडे परतणार, हे मला ठाऊक होतं.

यंत्र घेऊन आवाज मोजायला वस्तीत गेलो, तेव्हा शिवणकाम करणारी एक बाई दारात आली. कडेवर तान्हं बाळ.

“साहेब, हे रडलेलं कळतच नाही आता. सारखं तोंड बघावं लागतं.”

“होईल सवय,” मी ओरडून म्हणालो.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. यंत्रावरचा आकडा नियमात बसत होता. मी तसा अहवाल दिला.

त्याच आठवड्यात घरातलं घड्याळ ऐकू येईनासं झालं. सेल गेला म्हणावं, तर काटे फिरत होते. मग नळाचं पाणी बादलीत मुकाट्याने पडू लागलं. डॉक्टर म्हणाले, “कान ठणठणीत आहेत. जरा माणसांत मिसळत जा.” त्यांच्या दवाखान्यात मला पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येत होती.

काल लेक फोनवर वैतागली. “बाबा, खिडकी लावा ना! किती ट्रक जातायत!”

खिडकी बंद होती. घर चिडीचूप.

“आणि बाळ कुणाचं रडतंय?”

“शेजारचं असेल,” म्हणालो. शेजारचं घर रिकामं आहे.

आज फोन वाजला नाही, नुसता थरथरला. पडद्यावर लेकीचा चेहरा आला.

“बाबा, ऐकू येत नाहीये तुमचं. नुसते ट्रक!”

मी ओरडलो. घसा दुखला, पण माझा आवाज मलाच आला नाही.

ती माझ्या ओठांकडे बघू लागली. तिचेही ओठ आता नुसतेच हलत होते. मी फोन कानाशी घट्ट धरला.

काहीच नाही.

टेबलावरचं आवाज मोजायचं यंत्र चालू केलं. त्या बाईच्या दारात आला होता, तोच आकडा आला.

नियमात बसत होता.