हसताना घेतलेलं माप

माझी मनीषाताई हसते ना, तेव्हा आधी तिचं नाक हसतं. नाकपुड्या फुलतात, मग खांदे हलतात आणि मग तो आवाज येतो... नाशिक रोडच्या मंगल कार्यालयात मैत्रिणीच्या लग्नात तो आवाज आला आणि ताईच्या नाकातली चापाची नथ उडून समोर जेवायला बसलेल्या एका मुलाच्या मठ्ठ्यात पडली.

त्याने दोन बोटांनी ती शांतपणे बाहेर काढली, पुसली आणि उजेडात धरली. ताईने हात पुढे केला, पण तो देईचना.

"चाप कुणी बसवला हा?"

"का?"

"मोती सुरेख आहेत. चाप मात्र डोळे मिटून लावलाय."

"नशीब समजा, जिलबीत नाही पडली. गिळली असतीत."

तो हसला. त्याचं नाव ललित. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत वडिलांबरोबर नथी घडवतो. "दुकानावर घेऊन या," तो म्हणाला. "मी बसवलेली नथ पडत नाही."

काय तो तोरा. मला आवडला. यंदा शाळेत वक्तृत्वात पहिली आल्यापासून तोरा असलेली माणसं मला लगेच आपली वाटतात.

ताईचं नाक टोचलेलं नाही. लहानपणी टोचलं होतं, ते पिकलं आणि बुजलं. पुन्हा टोचून घ्यायला तिने साफ नकार दिला, म्हणून आईने स्वतःच्या नथीला चाप लावून घेतला होता. आणि येत्या रविवारी पुण्याचा एक इंजिनिअर ताईला बघायला येणार होता. आईचं म्हणणं, नथ हवीच. आणि दुसरं म्हणणं, "मने, त्या दिवशी जरा कमी हस."

सोमवारी आम्ही लुनावरून दुकानात गेलो. ललितने तांब्याची बारीक तार ताईच्या नाकाशी धरली. ताई फोटोला बसल्यासारखी गप्प. जानेवारीचं कोवळं ऊन तिच्या गालावर आलं होतं, आणि तो... माप घ्यायला एवढा वेळ लागत नसावा, असं मला उगाच वाटलं.

चाप बसला. ताईने आरशात बघितलं, "छान" म्हणाली. पायरी उतरताना मी काहीतरी बोलले, ती हसली आणि नथ टपकन खाली.

"काय हो," ताई मागे वळून म्हणाली, "पडत नाही ना?"

ललितचे कान लाल झाले. "उद्या या."

मंगळवारी त्याने चाप असा घट्ट केला की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय."

"थोडं दुखणारच."

"आणि हसल्यावर?" ती मुद्दाम हसली. नथ निसटून त्याच्या समोरच्या थाळीत पडली. तो वैतागला. "मग त्या दिवशी तेवढं हसू नका ना."

ताईचा चेहरा मिटला. ती सावकाश म्हणाली, "हे मला आईपण सांगते. मी तुमच्याकडे नथ नीट करून घ्यायला आले होते. स्वतःला नाही."

नथ तिथेच टाकून ती उठली. मी तिच्या मागे धावले.

पुढचे दिवस भयंकर गेले. ताई आरशासमोर बसून ओठ मिटून हसायचा सराव करायची. बाबांनी जोक केला तर मान खाली घालायची. घरात दिवे गेल्यासारखं वाटत होतं. आई खूश होती, मला मात्र धडकी भरली होती. त्या इंजिनिअरला ही गप्प ताई आवडली, तर जन्मभर तिला असंच राहावं लागेल ना.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी गंगापूर रोडच्या नर्सरीत गेले. ताई तिथे गुलाबाची रोपं विकते. बघते तर कुंड्यांच्या मधोमध ललित उभा. एका हातात नथ, दुसऱ्या हातात तार.

"माप चुकलं," तो ताईला म्हणत होता. "माझं चुकलं. चेहरा गप्प असताना घेतलं मी. तुम्ही गप्प कधी असता? मंगळवारी होतात... मला नाही आवडलं ते."

ताई पाण्याची झारी धरून तशीच उभी. झारीतलं पाणी तिच्याच चपलेवर सांडत होतं.

"मग आता?"

"हसताना घ्यायचंय माप."

"अशी हुकमी नाही हसत मी."

त्याने एक विनोद सांगितला. इतका वाईट विनोद मी आजवर ऐकला नव्हता. कुंडीतले गुलाबसुद्धा हसले नसते.

"साधना," तो काकुळतीने माझ्याकडे वळला, "मदत कर."

मग मी आमच्या भूगोलाच्या बाईंची नक्कल केली. त्या पृथ्वीचा गोल फिरवतात आणि त्यांचा चष्मा प्रशांत महासागरात पडतो, ती. ताईचं नाक फुललं, खांदे हलले आणि तो आवाज आला. तीन दिवस अडवून ठेवलेला. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी ललितकडे पाहिलं. तार खाली लोंबत होती आणि तो नुसता ताईकडे बघत होता.

"ललितदादा, माप."

"हं? हो... परत कर ना ती नक्कल."

घरी जाताना लुना चालवता चालवता ताई म्हणाली, "त्यांना दादा कशाला म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस."

मी तिच्या पाठीला नाक लावून गालातल्या गालात हसले.

शनिवारी दुपारी दुकानात त्याने नव्या चापाची नथ ताईपुढे ठेवली. तिने लावली. मी बाईंचा चष्मा पाडला. ताई हसली, मोती थरथरले, चाप नाकाबरोबर फुलला, मिटला, आणि नथ जागच्या जागी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारी मी एकटीच होते.

"बसली," ललित म्हणाला.

"हो."

"म्हणजे उद्या आता काही अडचण नाही."

"नाही."

तो स्वच्छ असलेला चिमटा पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

ताईने नथ काढून तळहातावर घेतली. क्षणभर बघितली. मग अंगठ्याने चाप ओढून सरळ केला.

"अहो—"

"सैल झाली," ताई म्हणाली. "उद्यापर्यंत होईल?"

त्याने नथीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"उद्या... नाही होणार."

"परवा?"

"परवाही अवघडच आहे."

"मला घाई नाही," म्हणत ताईने गल्ल्याजवळचा फोन ओढला आणि घरचा नंबर फिरवला.

"आई, पुण्याच्या लोकांना येऊ नका म्हणून कळव... नाही, नथीमुळे नाही. मला एकजण आवडलाय... हो, शुद्धीवर आहे... हो, इथेच आहे. चिमटा घेऊन उभा आहे, तोंड उघडं टाकून." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. शेवटी रिसीव्हर तिने ललितपुढे धरला. "तुम्हाला फोनवर बोलावतेय."

त्याने तो दोन्ही हातांनी धरला. "नमस्कार काकू... हो... नाही, अजून मी तिला सांगितलं नाहीये. म्हणजे त्यांना. सांगणारच होतो..."

"मग सांगा की," ताई म्हणाली. "आई ऐकतेय तोवर."

तो तिच्याकडे बघत पुटपुटला, "मला तुम्ही आवडता."

"ऐकू नाही आलं," फोनमधून आईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

त्याने घसा खाकरला. "मला मनीषा आवडते, काकू." समोरच्या दुकानातले शेठ बाहेर येऊन बघायला लागले.

मी रिसीव्हरजवळ सरकले. मग आई म्हणाली, "उद्या अकराला या, आईवडिलांना घेऊन. पोह्यांची तयारी झालेलीच आहे."

ताईचं नाक फुललं. खांदे हलले. आणि ललितने रिसीव्हर कानावरून काढून हळूच तिच्या तोंडाजवळ नेला... आईलाही ऐकू जावं म्हणून.