पहिली मेहनत

त्या वर्षांत कोल्हापुरात लग्न जमवायला माणसं बसली, की पत्रिकेच्या आधी एक प्रश्न हमखास यायचा. मुलगी भरपोटी की रितपोटी? त्यात कुणाला लाज वाटत नसे, कारण निम्म्या शहराच्या अंगात कुठे ना कुठे कोरं मांस होतं. कुणाची पोटरी, कुणाचा खांदा, म्हाताऱ्याकोताऱ्यांची तर अख्खी कंबर. अपघात झाला, अर्धांगवायू झाला, वयानं पाय लटपटू लागले, की प्रयोगशाळेत वाढवलेला नवा स्नायू बसवून घ्यायचा आणि चालू लागायचं, इतकं ते सोपं झालं होतं. फक्त त्याला एक अट होती, आणि त्या अटीनं माणसांचे सरळ दोन तट पाडले होते.

भरपोट्या माणसाला जिना चढायचा म्हटलं तरी आधी दोन घास लागायचे. त्याच्या पिशवीत केळी, खिशात लाडू. रितपोट्याचं नेमकं उलटं. त्यानं खाल्लं, की पुढचे काही तास पाय लाकडासारखे पडून राहायचे, म्हणून आधी सगळी कामं उरकायची आणि मग ताटावर बसायचं. एका घरात दोन्ही तऱ्हेची माणसं असली तर स्वयंपाक करणाऱ्याचं काही खरं नव्हतं! लोक त्यावरून एकमेकांची टर उडवायचे, भांडायचे, आणि एकंदरीत मजेत होते.

हिंदुराव चौगुले वस्तादांना मात्र हे सगळं थेर वाटायचं. वस्ताद म्हणजे तालमीत कुस्ती शिकवणारा गुरू. त्यांनी आयुष्यभर तांबड्या मातीत माणसं घडवली होती, आणि प्रयोगशाळेत घडवलेलं मांस ही कल्पनाच त्यांच्या पचनी पडत नव्हती. पण पन्हाळ्याच्या वळणावर एका ट्रकनं त्यांच्या लेकीची मोटरसायकल घासत नेली आणि अंबिकाच्या दोन्ही मांड्यांचा चेंदामेंदा झाला. ही अंबिका म्हणजे राज्यात नाव असलेली पैलवान. आई लहानपणीच गेलेली. बापानं तिला तालमीतच वाढवलेलं. शेवटी वस्तादांनीच इस्पितळाच्या कागदावर सही केली.

नव्या मांड्या बसवल्या, जखमा भरल्या, आणि एके दिवशी डॉ. वैजयंती सबनीस दोघांना घेऊन बसल्या. बाई हुशार होत्या आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती.

"हे बघा वस्ताद, आपलं नेहमीचं मांस जन्मापासून शिकत आलेलं असतं. माणूस जेवलेला असेल तर रक्तातली साखर जाळायची, उपाशी असेल तर साठवलेली चरबी काढायची. त्याला दोन्ही येतं. हे नवं मांस कोरं आहे, त्याला काहीच येत नाही. पहिल्यांदा त्याच्याकडून घाम फुटेपर्यंत काम करून घेतलं, की त्या वेळी जे जळण समोर असेल तेच ते ओळखतं. आणि एकदा ओळखलं की कायमचं. त्याला आम्ही पहिली मेहनत म्हणतो."

"मेहनत हा शब्द आमचा हाय," वस्ताद म्हणाले. तालमीत व्यायामाला मेहनतच म्हणतात.

"तुमच्याकडूनच उचललाय," बाई हसल्या. "तर आता ठरवायचं ते एवढंच. अंबिकानं खाऊन मेहनत करायची, की उपाशी?"

"आणि त्यात इचारायचं काय? मेहनत उपाशी पोटीच! माझ्या वस्तादानं मला पहाटं उठवलं ते उपाशी, मी पोरांना उठवतो ते उपाशी. खाऊन जोर काढायला लागलं तर वकायची पाळी यायची."

अंबिका पलंगावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आबा, मला सकाळी लई भूक लागती. भरपोटी झाले तर काय बिघडतंय? दोन केळी खायची आणि उतरायचं."

"कुस्ती कधी लागंल ते मैदानात कुणाला ठावं असतंय? खाऊन बसलीस आणि जोड दोन तासांनी लागली, मग? परत जेवणार हाईस व्हय तिथं, लोकांच्या म्होरं?"

हा मुद्दा बिनतोड होता. अंबिका म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

"ठीक आहे, रितपोटी," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा बदलला. "पण एक नीट ऐका. भरपेट चालेल, कडक उपाशी चालेल. मधलं चालणार नाही. समजा पोटात थोडंसंच काही गेलं. मांस त्या साखरेकडे वळतं, ओळख होतेय न होतेय तोच ती साखर संपते. चरबीकडे कसं जायचं ते त्याला अजून माहीत नसतं. अशा वेळी ते हाताला लागेल ते जाळतं, आणि सगळ्यांत जवळ काय असतं? शेजारचं मांस. याला अर्धपोटी म्हणतात. अशी माणसं फार थोडी आहेत, आणि त्यांना आम्ही काहीही मदत करू शकलेलो नाही. तेव्हा चहासुद्धा नाही."

"पाणीसुदिक देत न्हाई," वस्ताद म्हणाले आणि तो शब्द त्यांनी पाळला. आदल्या संध्याकाळपासून ते लेकीपाशी बसून राहिले. तिला झोप लागेना, तिच्या पोटात कावळे ओरडत होते, पण त्यांनी तिला दुधाचा घोट दिला नाही. सकाळी बाईंनी घरी येऊन तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. रक्तात जादा साखरेचा मागमूस नव्हता.

पहिली मेहनत तालमीत करायची, हा वस्तादांचा हट्ट. बाईंनीही तो मानला, कारण ओळखीच्या जागी माणूस मन लावून घाम गाळतो. तालीम माणसांनी फुलली होती. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती ताक आणि तेल घालून आदल्या दिवशीच खणून ठेवली होती. बाई दारात वाकून चपलांचे पट्टे सोडत होत्या, कारण आत पायताण चालत नाही. तेवढ्यात वस्तादांनी कोनाड्यातल्या मारुतीपुढचं गूळ-खोबरं उचललं. नवा माणूस असो की आजारातून उठलेला, हे हातावर घेतल्याशिवाय त्या हौद्यात कुणी उतरलेलं नव्हतं. एरवी चिमूटभर द्यायचे. आज लेक उतरत होती, म्हणून त्यांनी गुळाचा मोठा खडाच तिच्या हातावर ठेवला. अंबिकानं तो कपाळाला लावून तोंडात टाकला, माती डोक्याला लावली आणि उडी घेतली.

"काही खाल्लेलं नाही ना?" बाईंनी आत येत विचारलं.

"छ्या! काल सांजंपासनं माझ्या नजरंसमोर हाय ती. पाण्याचा थेंब न्हाई पोटात."

ते खोटं बोलत नव्हते. शनिवारचा निरंकार उपास त्यांनी जन्मभर केला होता, आणि देवळातल्या प्रसादानं तो मोडतो असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. अंबिकाच्याही मनात काही आलं नाही. बाईंनी तिच्या मांड्यांना मेहनत मोजणाऱ्या यंत्राचे पट्टे बांधले, आणि पोरगी बैठका मारू लागली. घामानं निथळली, तेव्हा तालमीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. वस्तादांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

पुढचे महिने कसे गेले म्हणता! आनंदीआनंद. मांड्या अशा भरल्या, की जुन्या मांड्यांची कुणाला आठवण राहिली नाही. अंबिका पहाटे पळायला जायची ती पंचगंगेच्या घाटापर्यंत, आणि परत येऊन पुन्हा बैठका. वस्ताद तिला बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा, लोणी असं दाबून खाऊ घालत होते. "नाद खुळा मांड्या हाईत, वस्ताद," म्हणत शेजारचे वस्ताद येऊन बघून जायचे.

मग एक दिवस तिनं एका पोरीची मान धरली आणि ती पोरगी सहज सुटली. वस्ताद तिच्यावर ओरडले. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. त्यांनी तिचा दंड चाचपला, मग दुसरा चाचपला. खाणं इतकं, अंगावर चरबी चढलेली, आणि चरबीखाली दंडात काही नव्हतंच.

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, पुन्हा केल्या. मग दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "वस्ताद, त्या सकाळी काय काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

वस्तादांनी सांगायला सुरुवात केली. पोरगी कशी उठली, कशी अंघोळ केली, तालमीत कोण कोण आलं होतं. "मग तुम्ही पायताण काढत हुता, तवर मी मारुतीचं गूळ-खोबरं दिलं, ती उतरली, आन् तुम्ही पट्टं बांधलं..."

"थांबा. गूळ? तिनं गूळ खाल्ला?"

"खाल्लं कुठं? प्रसाद घेतला की!"

बाईंनी हातातले तपासणीचे कागद मिटले. वस्ताद त्यांच्याकडे बघत राहिले, आणि आपण काय केलं ते त्यांना हळूहळू कळत गेलं. पोरगी खाते म्हणाली तर त्यांनी तिला खाऊ दिलं नव्हतं, आणि उपाशी राहिली तर उपाशी राहू दिलं नव्हतं. त्यांनी आपल्याच तोंडात दोन्ही हातांनी मारून घेतलं. अंबिकानं त्यांचे हात धरायचा प्रयत्न केला, पण तिच्या हातांत तेवढा जोर नव्हता.

"माझंही चुकलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्त मी घरी तपासलं. हौद्याच्या काठावर पुन्हा तपासायला हवं होतं. तालीम म्हटल्यावर तिथे देव असणार, प्रसाद असणार, हे मला सुचलंच नाही."

"त्या मांड्या काढा," वस्ताद म्हणाले. "पाय कापा तिचं. मी खांद्यावर घिऊन फिरीन."

"पहिल्या महिन्यात कळलं असतं तर तेच केलं असतं. आता उपयोग नाही. मांस मांसाकडे बघून शिकतं, वस्ताद. तालमीतलं नवं पोर जुन्याचं बघून डाव उचलतं ना, तसंच हे. तिचं स्वतःचं जन्माचं मांसही आता तेच करायला लागलंय. अंगात जे हलतं ते जे बसलंय त्याला खातं. पोटात कितीही घाला, चरबी होऊन पडेल. तिच्या मांसाला अन्न ओळखताच येत नाही."

"मग मी हललेच नाही तर?" अंबिकानं विचारलं.

बाई तिच्याकडे वळल्या. "हृदय हलत असतं, अंबिका. ते कधीच बसत नाही. तू निजून राहिलीस, तर तुझं हृदय तुझे हात-पाय खाईल. ते स्वतः मात्र उत्तम राहील. तपासणीत इतकं धडधाकट हृदय मी क्वचित बघितलंय."

"आणि काम करत राहिले तर?"

"ज्याच्याकडून काम घेशील ते टिकेल. बाकीचं लवकर जाईल."

वस्ताद तिथेच हुंदके देऊन रडले. अंबिका रडली नाही. खूप रडलं की छाती आणि पोट हलतं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

ते वर्ष तिनं हिशोबानं काढलं. पहिले काही आठवडे ती चालत राहिली आणि हात जाऊ दिले. हात उचलेनासे झाले तेव्हा तिला वाटलं, पायांपेक्षा हात बरे होते, पण आता ती निवड हातची गेली होती. मग घरभर फिरणं थांबलं, मग पलंगावर उठून बसणं थांबलं. वस्तादांनी तालीम दुसऱ्याच्या स्वाधीन केली. ज्या माणसानं उभ्या जन्मात पोरीला 'जरा टेक' म्हटलं नव्हतं, तो आता तिला कूससुद्धा बदलू देत नव्हता. स्वतःच्या हातानं वळवायचा.

भूक मात्र तिची गेली नाही. उलट ती वाढत गेली. अंगातलं मांस सारखं उपाशी, आणि त्याला काय हवंय ते ताटात नाही. तिला जाग येई ती भुकेनं, आणि झोप लागत नसे तीही भुकेनं. डॉक्टरबाई येऊन म्हणाल्या, "आता नळीनं पेज देऊ या. चावणंही बंद करायला हवं. जबडा चावतो तेव्हा तो शेजारच्या मानेला खातो. मान राहिलीय, श्वासाचे स्नायू राहिलेत, ते सांभाळू. नळीनं आणखी काही महिने मिळतील."

"नळीनं भूक जाईल?" अंबिकानं विचारलं.

"नाही."

"चावून?"

"चावूनही जाणार नाही. पण खाल्ल्यासारखं वाटेल."

"मग मला भाकरी द्या," अंबिका म्हणाली.

बाई वस्तादांकडे वळल्या. "वस्ताद, तुम्ही तिला सांगा. तुमचं ती ऐकते."

वस्ताद चुलीपाशी गेले, गरम भाकरी घेऊन आले आणि ती दुधात कुस्करू लागले, म्हणजे पोरीला चावायला लागू नये.

"तशी नको, आबा. कोरडी द्या. कडा द्या मला, भाजलेल्या."

त्यांनी भाकरीची कड मोडून तिच्या तोंडात घातली. तिनं डोळे मिटले आणि चावायला लागली. जबडा दणकट होता, नुसता बघत राहावा असा. तिच्या मानेकडे बघायचं नाही, असं वस्तादांनी ठरवलं होतं, तरी त्यांची नजर तिकडेच गेली. घास संपला, तिनं डोळे उघडले, तोंड उघडलं. डॉक्टरबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आणखी देऊ?" वस्तादांनी विचारलं.

"द्या की," अंबिका म्हणाली, आणि त्यांनी दिली.