मुक्त यादीतला चढाईपटू

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता गतिविज्ञान प्रयोगशाळेच्या मोठ्या पडद्यावर एका कबड्डीपटूचा डावा गुडघा दिसत होता. पडद्यासमोर विभागप्रमुख डॉ. चिदानंद उकिडवे चहाचा कप घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. तो आनंद संशोधनाचा नव्हता. संशोधनाने त्यांना शेवटचा आनंद कधी झाला, हे विभागात कुणालाच आठवत नसे.

गुडघा यशोधन बांदलचा होता. कऱ्हाकाठ महाविद्यालयाचा हा चढाईपटू आंतरमहाविद्यालयीन साखळीत त्या वर्षी सर्वांत जास्त गुण मिळवत होता. त्याच्या गुडघ्याभोवती हिरव्या रेषा फिरत होत्या आणि कोपऱ्यात एक आकडा लाल झाला होता. हा आकडा काढणारी 'गतिवेध' यंत्रणा डॉ. शर्वरी तांबट यांनी सहा वर्षं खपून तयार केली होती.

"झीजांक एक्क्याऐंशी," शर्वरी म्हणाली. "गेल्या सोमवारी चौतीस होता. सर, दहा दिवसांच्या आत याच्या गुडघ्यातला अस्थिबंध, लिगामेंट, तुटणार. नव्वद टक्के खात्री आहे."

उकिडवे यांनी चहाचा घोट घेतला. "याच्या जागी कोण खेळतो?"

हा प्रश्न समजायचा तर प्राध्यापकांचा एक खेळ समजून घ्यावा लागेल. तो समजून घेण्याच्या लायकीचा नाही, पण इलाज नाही. विद्यापीठातले अकरा प्राध्यापक मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये 'कल्पनासंघ' खेळत. प्रत्येकाने साखळीतले खरे खेळाडू वाटून घ्यायचे. खरा खेळाडू मॅटवर जितके गुण मिळवील तितके त्याच्या घरबसल्या मालकाला मिळायचे. ज्यांना कुणीच घेतलेलं नाही असे खेळाडू मुक्त यादीत पडून राहत. दर मंगळवारी दुपारी बारापर्यंत त्या यादीतला एक खेळाडू मागायचा आणि आपला एक सोडायचा. एकाच खेळाडूवर दोघांचा डोळा असला तर तो तळाच्या संघाला जाई. कुणी कुणाला घेतलं ते ॲपवर साऱ्या जगाला दिसे, अगदी त्या खेळाडूलासुद्धा. वर्षाच्या शेवटी जिंकणाऱ्याला बक्षीस होतं, कडुनिंबाखाली गाडी लावायची जागा. तेवढ्या सावलीसाठी तीन-तीन पदव्या मिरवणारी ही माणसं वीस वर्षांच्या पोरांचे हातपाय आपसात वाटून घेत आणि स्टाफरूममध्ये त्यावर हमरीतुमरीवर येत.

उकिडवे पहिल्या क्रमांकावर होते. त्यामुळे त्यांच्या मागणीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागे. ज्याच्याकडे बाकीच्या दहा जणांपैकी कुणाचंच लक्ष गेलेलं नाही, असाच खेळाडू त्यांना हवा असे.

"तुमचं हे यंत्र चालतं तरी कसं?" त्यांनी विचारलं. गतिवेधवरच्या सात शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून त्यांचं नाव होतं आणि हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पडला होता.

"अस्थिबंधाचे धागे एकेक करून तुटायला लागले की दुखायच्या आधीच मेंदूला सुगावा लागतो," शर्वरी म्हणाली. "मग मेंदू त्या पायावरचा भार चोरायला लागतो. वळताना पाऊल किंचित उशिरा टेकतं, सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं. खेळाडूला ते कळत नाही, प्रशिक्षकाला दिसत नाही. गतिवेधला सामन्याच्या प्रक्षेपणातून दिसतं."

"म्हणजे कुणाचाही गुडघा दाखवला की सांगणार?"

"कुणाचाही नाही. प्रत्येकाची वळायची तऱ्हा वेगळी असते. एखादा मुळातच फेंगडा चालतो, त्याला आजारी कसं म्हणायचं? म्हणून माणसाची तुलना फक्त त्याच्याशीच करायची. आधीचा तो आणि आताचा तो. त्यासाठी निदान चाळीस वळणांचं चित्रण लागतं. बांदलची नऊशे आहेत."

"उत्तम." उकिडवे यांचं बोट एव्हाना मोबाईलवर फिरत होतं. "रोहिदास घुगे. दीड वर्षात सहा चढाया. वा! याला तर त्याच्या वर्गातली पोरंही ओळखत नसतील."

"सर, बांदलला आजच कळवायला हवं. संध्याकाळी त्यांचा सराव असतो."

"आज कळवलंत तर तासाभरात बोभाटा होईल. संख्याशास्त्राचे बर्डे तळाला आहेत. ते घुगेला उचलून मोकळे होतील." उकिडवे यांनी कप खाली ठेवला आणि आवाजात विभागप्रमुखपण आणलं. "शिवाय नीतिसमितीचा नियम आहे. अप्रकाशित निष्कर्ष बाहेर द्यायला माझी परवानगी लागते. ती मी देतो की. उद्या दुपारी बारा वाजून एक मिनिटाने द्या कळवून."

नीतीचा इतका नेमका उपयोग आजवर कुणी केला नसेल. शर्वरीने तिथल्या तिथे फोन उचलायला हवा होता. तिने उचलला नाही. तिच्या कायम नेमणुकीच्या कागदावर उकिडवे यांची सही व्हायची होती, आणि एका दिवसाने काय बिघडतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसांना स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. त्या संध्याकाळी बांदल दोन तास सराव करत होता आणि ती घरी शोधनिबंधाच्या तळटीपा तपासत बसली होती.

मंगळवारी बारा वाजता मागण्या उघडल्या. घुगेला दुसऱ्या कुणीच मागितलं नव्हतं. "हा कोण बुवा?" असं म्हणत बर्डे यांनी त्याचं पान उघडलं, तर फोटोच्या जागी नुसता राखाडी ठोकळा होता. सगळे हसले. उकिडवे सगळ्यांत मोठ्याने हसले.

बारा वाजून एक मिनिटाने शर्वरीने कऱ्हाकाठचे प्रशिक्षक दळवी सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, पोरगं तर म्हणतंय मला काय झालंच नाही."

"त्याला कळणारच नाही. आजच्या आज एमआरआय काढा."

एमआरआयमध्ये अस्थिबंध अर्धा तुटलेला निघाला. बुधवारी सकाळी दळवी सरांचा परत फोन आला. "तुमचे उपकार कसे फेडू मॅडम? गुरुवारी हा उतरला असता तर कायमचा गेला असता. डॉक्टर म्हणतायत, सहा महिन्यांत परत खेळंल."

शर्वरीला भरून आलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या यंत्राने कुणाचं तरी भलं केलं होतं. चोवीस तास आपण गप्प बसलो होतो, हे त्या भरात ती सोयीस्करपणे विसरली.

"आता घुगेला उतरवतोय," दळवी सर म्हणाले. "दीड वर्ष बाकावर बसून आहे बिचारा. मॅडम, जाता जाता त्याचा पण गुडघा बघता का जरा?"

"त्याचं पुरेसं चित्रण नाही आमच्याकडे, सर. चाळीस वळणं लागतात. तो खेळलाच नाही तर येणार कुठून?"

"मग घिऊन येऊ का त्याला तिकडं? तासाभराचा तर रस्ता."

"नुसतं बघून काही कळत नाही हो. गुरुवारचा सामना होऊ दे. चित्रण मिळेल, मग पाहू."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तासाभराच्या अंतरावर एक जिवंत पोरगा होता, त्याला दोन पाय होते आणि बोलता येणारं तोंड होतं. पण त्याची नोंद नव्हती, म्हणून शास्त्राच्या लेखी तो नव्हताच.

गुरुवारी दुपारी चारला अकराही प्राध्यापक स्टाफरूममधल्या पडद्यासमोर बसले. परीक्षेचे पेपर टेबलावर तसेच पडले होते. घुगे काळासावळा, अंगाने सडपातळ होता आणि चढाईला जाताना विजेसारखा जात होता. पहिल्या सत्रात त्याने सात गुण मिळवले. उकिडवे खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मग बसलेच नाहीत. "बघितलंत? याला म्हणतात नजर!" ते प्रत्येक गुणाला म्हणत होते. आजवर त्यांनी या मुलाचा चेहराही पाहिलेला नव्हता.

एकतिसाव्या मिनिटाला घुगेने बोनस रेषा ओलांडली, कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि परत फिरला. त्याच्या जवळपासही कुणी नव्हतं. उजवा पाय मॅटवर रुतल्यासारखा राहिला, बाकीचं शरीर वळलं आणि तो कोसळला. त्याची किंकाळी प्रक्षेपणात स्पष्ट ऐकू आली. मग तो कोपरांवर सरपटत पुढे आला आणि त्याने मध्यरेषेला हात लावला.

"लागला! हात लागला!" उकिडवे ओरडले. "दोन्ही गुण धरायला हवेत! बर्डे, दुखापतीचे गुण कापत नाहीत ना?"

बर्डे यांनी नियम उघडून पाहिला. दुखापतीचे गुण कापत नसत.

शर्वरी उठून प्रयोगशाळेत गेली. तिला उकिडवे यांची किळस आली होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. आता चित्रण होतं. पडण्याआधीची पंचावन्न वळणं होती, म्हणजे लागतात त्याहून जास्तच. तिने ती गतिवेधला दिली. आकडा हिरवा आला. झीजांक तीन. सांधा निरोगी, पुढील दहा दिवस धोका नाही.

तिने गणित तीनदा तपासलं. शुक्रवारी तपासलं, शनिवारी तपासलं, कॅमेऱ्याचे कोन पुन्हा मोजले. यंत्रात कुठेही चूक नव्हती. सहकाऱ्यांनी तिला धीर दिला की हा निव्वळ अपघात असणार, अपघाताचं भाकीत कोण करणार? ते ऐकायला तिला बरंही वाटलं.

मंगळवारी बाराच्या सुमाराला उकिडवे तिच्या टेबलापाशी आले. त्यांनी घुगेला सोडून दिलं होतं. "कऱ्हाकाठचा तिसरा चढाईपटू कोण आहे हो?" त्यांनी विचारलं. शर्वरी पर्स उचलून बाहेर पडली. मागून त्यांनी दोन हाका मारल्या, पण ती थांबली नाही. नेमणुकीच्या कागदावरच्या सहीचं काय होईल ते तिला कळत होतं.

रोहिदास घुगे हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होता. गुडघ्यातले दोन अस्थिबंध पूर्ण तुटले होते आणि डॉक्टरांनी कबड्डीचं नाव काढू नकोस असं सांगितलं होतं. शर्वरीने आपलं नाव सांगितलं तसा तो उठून बसायची धडपड करू लागला.

"पडून राहा," ती म्हणाली. "मला एकच विचारायचं होतं. सामन्याच्या आधी पाय दुखत होता का?"

"व्हय की. मागल्या दिवाळीपासून. सरावात मुरगाळला होता, तवापासून कधी सुजतो, कधी उतरतो."

म्हणजे पहिल्या वळणापासून पंचावन्नाव्या वळणापर्यंत पाय बिघडलेलाच होता. धडधाकट रोहिदास गतिवेधने कधी पाहिलाच नव्हता. त्याने दुखऱ्या पायाची तुलना दुखऱ्या पायाशी केली, फरक सापडला नाही, आणि फरक नाही म्हणून पाय निरोगी ठरवला. यंत्र बरोबरच होतं. बुधवारी तासाभराचा रस्ता तुडवून कुणी याला एक प्रश्न विचारला असता तर यंत्राची गरजच पडली नसती.

"दळवी सरांना का सांगितलं नाहीस?"

"बाकावर बसलेल्याचा पाय दुखला काय न् न्हाई काय मॅडम, कोण इचारतंय? पण बांदलदादाच्या गुडघ्याचा फोटो काढला ना, तवा भ्या वाटलं. बुधवारी सकाळी सांगनारच होतो सरांना." तो जरासा लाजला. "मग ॲप बघितलं. माझ्या नावापुढं घेणाऱ्यांच्या खान्यात दीड वर्ष शून्य होता, तिथं एक झाला होता. कोण म्हणून बघितलं तर इद्यापीठातले मोठे सर. पोरं म्हनली, अरं, हे गुडघ्याचेच शास्त्रज्ञ हायेत, यांनीच बांदलदादाचं वळखलं. मग मी म्हनलं, एवढ्या जाणत्या मानसानं बांदलदादाला बसवलं आन् मला घेतलं, म्हंजी माझा पाय बघूनच घेतलं असंल. त्यांना चांगला दिसला तर चांगलाच असनार. आपलीच भीती खोटी."

शर्वरीला त्याच्याकडे बघवेना.

"मॅडम, त्यांनी माझा कंचा सामना बघितला होता?"

एखादं सोयीचं उत्तर देणं अवघड नव्हतं. गेल्या आठवड्यात तिने तसली उत्तरं पुष्कळ दिली होती.

"एकही नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, रोहिदास. बांदल बसणार म्हणून तुला घेतलं. मीसुद्धा पाहिलं नाही. दळवी सर तुला घेऊन यायला तयार होते, मीच नको म्हणाले."

 रोहिदासने हात लांब करून पायावरची चादर बाजूला केली. गुडघा मांडीएवढा सुजला होता.

"मग आता बघा," तो म्हणाला.