तुझा आकडा दिसतोय मला

“तुमचं मशीन चुकतंय.”

काचेतल्या गोल भोकातून आवाज आला, तेव्हा मी मान वर केली नाही. मी खिडकीवरची नव्हेच. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माझी जागा आतल्या खोलीत. माणसांशी नाही, त्यांच्या रक्ताच्या नळ्यांशी माझा संबंध. त्या दिवशी रिपोर्ट देणारी मुलगी रजेवर होती, म्हणून मी तिथे बसले होते, एवढंच.

“मशीन सकाळीच तपासलंय,” मी म्हणाले. “माणूस तपासून घ्या.”

भोकातून हसू आलं. तेव्हा मात्र मी पाहिलं. हातातली ओली छत्री त्याच्याच बुटावर ठिबकत होती आणि त्याला पत्ता नव्हता. शर्टाची एक बाही दुमडलेली, दंडावर नाण्याएवढी पांढरी चकती – साखर मोजणारा सेन्सर.

“हा एकशे बारा म्हणतो. तुमचा रिपोर्ट एकशे एकतीस. दोघांपैकी एक खोटं बोलतंय.”

“सेन्सर कधी लावलात?”

“आज सकाळी.”

“पहिल्या दिवशी सेन्सर बावचळलेला असतो. तुम्हाला हे माहीत असणार.”

“माहीत आहे.”

“मग भांडायला का आलात?”

“भांडायला कुणी आहे का, ते बघायला. दर वेळी या खिडकीवर मला सांगतात, डॉक्टरांना विचारा. आज पहिल्यांदा कुणीतरी… विचारलं.”

मागच्या रांगेतले आजोबा खाकरले. “अहो, रिपोर्ट घेताय की लग्न ठरवताय? आम्ही उपाशीपोटी उभे आहोत इथे!”

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत. काचेत नीट दिसलं नाही.

तो पुन्हा आला. मग येतच राहिला. दिवसा तो एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर आकडे सांभाळायचा, आणि उरलेला सगळा वेळ यंत्रांवर मतं बाळगायचा. इंटरनेटवर त्याचं एक पान होतं – ‘बटण हवं’ या नावाचं. नवा फोन, नवं घड्याळ, नवा स्पीकर, जे हाती येईल त्याची तो तिथे चिरफाड करायचा. दिवा लावायला पासवर्ड लागत असेल तर तो दिवा नाही, कारकून आहे. जे घड्याळ मला ‘आता उभे राहा’ म्हणतं ते घड्याळ नाही, लग्नघरची मावशी आहे. ज्या इअरफोनची बॅटरी बदलता येत नाही, तो बनवणाऱ्याने त्याच्या मरणाची तारीख ठरवूनच त्याला जन्माला घातलंय. मी त्याला बटणराव म्हणायला लागले. तो मला ‘मॅडम’ म्हणायचा. एक दिवस ते गळून पडलं, आणि नक्की कधी, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याचं खरं काम मात्र त्या पानावर नव्हतं. ते त्याच्या अंगावर होतं. बारा वर्षांचा असल्यापासून त्याच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नव्हतं. कमरेला इन्सुलिनचा पंप, दंडावर सेन्सर, आणि या दोघांच्या मध्ये त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम. सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवायचा. प्रोग्राम तो वाचायचा आणि पंपाला सांगायचा, एवढं सोड, एवढं थांबव.

“घाबरत नाहीस?” मी एकदा विचारलं.

“लहानपणी घाबरायचो. तेव्हा आजार माझ्यावर बसला होता. आता मी त्याच्यावर बसलोय.” मग हळूच, स्क्रीनकडे बघत, “यातली ओळ न् ओळ मला पाठ आहे. माझं म्हणावं असं दुसरं काही नाहीये माझ्याकडे.”

त्या प्रोग्राममध्ये ‘पाहुणे’ नावाचा एक कप्पा होता. ज्याचं नाव त्यात, त्याला बटणरावांचा आकडा आपल्या फोनवर दिसायचा. इतके दिवस तिथे एकच नाव होतं – त्याच्या आईचं. एका संध्याकाळी बसथांब्यावर उभ्या-उभ्याच त्याने माझा फोन मागून घेतला आणि काहीतरी टिकटिक करून परत दिला. पडद्यावर एक बारीक निळी रेघ हलत होती.

“हे काय?”

“मी.”

“… ही मागणी आहे का?”

“त्याच्याही पुढचं आहे. लग्न झालेली माणसंसुद्धा एकमेकांना इतकं दाखवत नाहीत.”

बस आली आणि गेली. आम्ही दोघंही तिच्यात चढलो नाही. पावसाची भुरभुर होती, निळी रेघ हळूहळू वर चढत होती.

“वाढतेय,” मी म्हणाले. “काही खाल्लंस?”

“नाही.”

“मग?”

“छाती धडधडली की साखर वाढते. तू शास्त्राची ना? तूच सांग.”

एका रविवारी दुपारी, त्याच्या खोलीत, मी त्याच्या दंडावर डोकं टेकलं. खिडकीच्या पत्र्यावर थेंब वाजत होते, टेबलावरच्या वायरींना जळक्या कथिलाचा वास होता. डोळा लागतो न लागतो तोच दोन्ही फोन किंचाळले. पंचावन्न! मी ताडकन उठले, त्याचा चेहरा चाचपला. तो हसत होता. “काही नाही गं. चकती दाबली गेली की आकडा खोटा पडतो.” एवढ्यात त्याच्या आईचा फोन आलाच.

“अरे, पंचावन्न! साखर खा आधी!”

“आई, खोटा आहे. सेन्सर दाबला गेला.”

“कशाने दाबला गेला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “… उशीने.”

मग काकू म्हणाल्या, “उशीला म्हणावं, एकदा घरी जेवायला ये.”

तेव्हापासून मी त्या घरात उशीबाई झाले.

हे सगळं इतक्या सावकाश सांगतेय, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

सेन्सर बनवणाऱ्या कंपनीने नवा सेन्सर बाजारात आणला आणि जुना बंद केला. नव्याचा संदेश कुलूपबंद. तो फक्त कंपनीचंच ॲप वाचणार, आणि कंपनीचाच पंप त्याचं ऐकणार. बटणरावांचा प्रोग्राम या नव्या सेन्सरपुढे बहिरा. डॉक्टर म्हणाले, नवा चांगला आहे, घेऊन टाका. बटणरावांनी ‘बटण हवं’वर लांबलचक लेख लिहिला आणि जगभरातून जुन्या सेन्सरांची खोकी गोळा केली. कपाटात कपडे खाली, खोकी वर. त्यांतल्या बहुतेकांची मुदत उलटून गेलेली.

“मुदत म्हणजे काय? दुकानदारीचा आकडा,” तो म्हणाला. “ज्या यंत्राच्या पोटात काय चाललंय ते मला बघता येत नाही, त्याला मी माझ्या रक्तात हात घालू देणार नाही.”

“आणि ज्याच्या पोटातलं मरायला टेकलंय, त्याला देशील?”

“मरायला टेकलंय हे कुणी ठरवलं? मोजून दाखव.”

हे मात्र आमचं खास. दुसऱ्या जोडप्यात मुलीने रडून घेतलं असतं, शपथ घातली असती. मी म्हणाले, “बरं, मोजते.”

तो एकेक जुना सेन्सर लावायचा, मी त्याचं रक्त काढायचे, आतल्या मशीनवर लावायचे आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. पहिला सेन्सर शेवटी-शेवटी चढा आकडा सांगायला लागला. म्हटलं, असेल एखादा. दुसरा त्याच वाटेने गेला. चढा आकडा आला की त्याचा प्रोग्राम बिचारा इमानाने जास्त इन्सुलिन सोडायचा, आणि खरी साखर गुपचूप खाली जायची. फोनवर निळी रेघ छान, सपाट. आत तो बुडत चाललेला. त्याला एकट्याला झोप लागली आणि सेन्सर असाच चढा बोलत राहिला, तर तो उठणार नाही. हे मला भीती म्हणून नाही, गणित म्हणून दिसत होतं.

तिसऱ्याचे आकडे हाती आले त्या दुपारी मी आतल्या खोलीत दार लावून बसले. मशीन घरघरत होतं. मला ठाऊक होतं, हे दाखवलं तर तो मानेल. आकड्यांपुढे तो कधी खोटं वागला नव्हता. त्यावरच तर माझा जीव जडला होता. मानेल, आणि त्याचं म्हणावं असं जे एकच होतं ते आपल्या हाताने बंद करेल. मग तो कोण उरेल? आणि त्याच्याकडून ते काढून घेणारी मी त्याची कोण उरेन?

‘सेन्सर ठीक आहेत.’ तीन शब्द. एवढेच बोलले असते तर त्याने मला उचलून गरागरा फिरवलं असतं.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. त्या नेहमीसारखं बोललेच नाहीत. “उशीबाई, माझं तो ऐकत नाही गं. तुझं ऐकेल. तुला कळतं ना त्यातलं?”

“कळतं, काकू,” मी म्हणाले. आणि फोन ठेवून रडले. मग तोंड धुतलं आणि त्याच्या खोलीवर गेले.

त्याने कागद हातात घेतला. एकमेकांपासून फाकत जाणाऱ्या दोन रेघा. बराच वेळ बघत राहिला.

“नमुना जास्त वेळ राहिला असेल बाहेर.”

“नाही राहिला.”

“तुमचं मशीन…”

“सकाळीच तपासलंय.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“तीनच सेन्सर आहेत. तीनावरून कुणी निष्कर्ष काढतं?”

“चौथा तुझ्या अंगावर लावून बघायला मला सांगू नकोस.”

तो खुर्चीत बसला. टेबलावरच्या कीबोर्डच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला, आजारी जनावराला कुरवाळावं तसा.

“हे दाखवल्यावर काय होणार, ते तुला माहीत होतं?”

“हो.”

“तरी दाखवलंस.”

“तरी दाखवलं.”

“बरोबर केलंस,” तो म्हणाला. इतक्या सपाट आवाजात, की मला वाटलं, याने ओरडायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्याने नवा सेन्सर आणि नवा पंप घेतला. मला मेसेज आला: ‘घेतला.’ माझ्या फोनवरची निळी रेघ त्याच दुपारी थांबली. ती खाली गेली नाही, वर गेली नाही. एका जागी येऊन तुटली, आणि पुढे नुसतं पांढरं. कंपनीच्या ॲपमध्येही आपलं माणूस जोडायची सोय होती. मी वाट पाहिली. त्याने जोडलं नाही. ‘बटण हवं’वर नवं काही येईनासं झालं. खाली लोक विचारत राहिले, साहेब, कुठे गायब? काही दिवसांनी ते पानही उघडेना.

मग एका दुपारी त्याने मला इस्पितळासमोरच्या बागेत बोलावलं. बाक ओला होता. त्याने रुमालाने पुसला, फक्त माझ्यापुरता, आणि स्वतः ओल्यावर बसला.

“मी दुसऱ्या शहरातली बदली मागून घेतली,” तो म्हणाला. “मिळाली.”

“माझ्यामुळे?”

“नाही… हो.” तो बुटांकडे बघत होता. “साखर छान राहते आता. झोप लागते. आई खूश आहे. तू बरोबर होतीस, अगदी शंभर टक्के. आणि तेच मला जमत नाहीये. तू समोर आलीस की मला तो कागद दिसतो.”

“मी तो कागद नाही.”

“माहीत आहे मला. डोक्याला माहीत आहे.”

“प्रेम उरलंय?” मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोजून न बघता विचारलं.

“आहे ना,” तो म्हणाला. “नसतं तर इथेच राहिलो असतो. रोज खिडकीवर येऊन भांडलो असतो तुझ्याशी.”

मी काहीतरी बोलणार होते. पण त्याच्या ओठांवर घामाचे बारीक थेंब दिसले. हवा तर गार होती. पुढचं वाक्य त्याने दोनदा सुरू केलं आणि दोन्हीदा हरवलं.

“बटणराव, फोन बघ.”

त्याने पाहिला. “एकसष्ट.”

“जेवलास का?”

“… हे बोलायचं होतं. जेवणाचं इन्सुलिन घेतलं, पण घास उतरला नाही.”

मी फाटकाजवळच्या टपरीवर धावत गेले, फळांच्या रसाचा डबा आणला, नळी खोचून त्याच्या हातात दिला. हात थरथरत होता. मी माझा हात खालून धरला. तो लहान मुलासारखा प्यायला. आता पाव तास थांबायचं. अशा वेळी त्याने उठायचं नाही, चालायचं नाही. निरोपसुद्धा घ्यायचा नाही. हा नियमच आहे.

म्हणून आम्ही बसून राहिलो. माझा हात त्याच्या हाताखाली तसाच होता. झाडावरून थेंब पडत होते, एखादा त्याच्या केसांवर, एखादा माझ्या मनगटावर. अशा वेळी आकडा लवकर वर यावा, एवढंच हवं असतं; आणि त्या बाकावर बसून मी मनातल्या मनात म्हणत होते, सावकाश… जरा सावकाश ये.

“अठ्ठ्याहत्तर,” तो म्हणाला.

“अजून थांब.”

“थांबतो.”

तो खरंच थांबला. शेवटी त्याने फोन माझ्यापुढे धरला. चौऱ्याण्णव. खाली कंपनीने लिहिलं होतं – ‘शाब्बास! उत्तम चाललंय!’ बाजूला टाळ्या वाजवणारे दोन पंजे.

“बघ,” तो म्हणाला, “टाळ्या वाजवतोय. नालायक.”

आम्ही दोघंही हसलो, चांगले डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसणं संपलं.

तो उठला. मी बघत होते – पाय स्थिर, घाम नाही, शब्द स्वच्छ. त्याला थांबवायला माझ्याकडे वैद्यकीय असं एकही कारण उरलं नव्हतं.