बोरखेडीला अठरा मिनिटं

सोमवार. पॅसेंजर ७.१२. थांबा: एक मिनिट.

निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. बोरखेडी हॉल्टच्या फलाटावर असला माणूस कधी उभा राहत नाही. इथं उभी राहतात ती दुधाच्या कॅना, भाजीच्या पाट्या, नाहीतर पंचशीलेसारखी जेवणाचा डबा घेतलेली माणसं.

"रोज जाता?" त्यानं विचारलं.

"तुमाला काय करायचंय?"

"मोजायचंय."

"कावून?"

तो नुसता हसला. गालावर खळी पडली... आणि पंचशीलेला तीच पटली नाही. सरकारी माणसाला खळी कशाला लागते?

"नाव काय तुमचं?"

"पंचशीला," ती ठासून म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. नाव ऐकून काही जणांचे चेहरे बदलतात, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. याचा बदलला नाही. मग तर संशय आणखीच वाढला.

डब्यात शिरताच तिनं त्याच्या तोंडावर खिडकी लावली आणि दूधवाल्या चतुराबाईच्या कानाशी लागली. "मावशे, चेकर आलाय. साध्या कपड्यातला. सगळ्यांना सांग."

चतुराबाईला सांगितलं म्हणजे दवंडीच.

मंगळवार. पॅसेंजर ७.१२, आज सहा मिनिटं उशीर.

फलाट रिकामा. तिकीटवाले तेवढे अकरा जण अंग चोरून उभे. बाकीचं बिनतिकिटाचं गाव रुळांच्या पलीकडं, बाभळीआड. गाडी आली की तिकडच्या दारानं चढणार. पंचशीला मनात हसली. बस म्हणावं मोजत!

तो येऊन नेमका तिच्यासमोर बसला. परळीच्या वीजकेंद्राची राख खिडकीतून आत येत होती. त्यानं वहीवर फुंकर मारली.

"मी सोमेश्वर. पाटोद्याचा."

"तिकडं कुठं रेल्वे हाय?"

"नाही ना. म्हणून तर वेळापत्रकं करतो."

"आन् आमच्या गाडीवर कावून डोळा?"

त्यानं वहीत एक लांब रेघ ओढली. "या एकाच लाईनीवर इंटरसिटी येणार. तिला परळी लवकर गाठायची. तुमची पॅसेंजर दर दोन कोसाला थांबते. मग हिनं कुठंतरी बाजूला व्हायचं, नाहीतर... काही थांबे गाळायचे."

"कोणते?"

"जिथं रोज पंचवीसपेक्षा कमी माणसं चढतात."

पंचशीलेनं मनात हिशेब केला. आठला परळीच्या लॅबमध्ये हजर नसली तर नोकरी जाणार. आणि बोरखेडीतून परळीला पहिली एसटी साडेनऊला.

"आज... किती भरले?"

"अकरा."

खरं सांगावं? साठ जण चढतात म्हणावं? आणि हा खरंच चेकर निघाला तर? गोड बोलून सगळं काढून घ्यायचं, उद्या चतुराबाईच्या हातात दंडाची पावती ठेवायची. तिनं खाडकन खिडकी ओढली.

"काल पण राग आल्यावर खिडकीच लावली होती तुम्ही," तो म्हणाला.

"माणसं मोजायला आलात का खिडक्या?"

बुधवार. मोजणीचा शेवटचा दिवस.

रात्रभर तिनं एकच विचार केला होता. सकाळी फलाटावर ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तिकीट दाखवा."

"अं?"

"तुमचं. तिकीट."

सोमेश्वरनं मुकाट्यानं खिशातून तिकिटं काढली. तिन्ही दिवसांची, बोरखेडी ते परळी, घडीसुद्धा न पडलेली. चेकर कुठं तिकीट काढतो? आणि काढलं तरी असं जपून ठेवतो?

लांबून भोंगा ऐकू आला.

तिनं त्याचं मनगट धरलं. रूळ ओलांडून, खडीवरून जवळजवळ ओढतच त्याला बाभळीमागं नेलं. तिथं कॅना, पाट्या, कॉलेजची पोरं, शेळी घेतलेला एक म्हातारा... सगळे श्वास रोखून.

"मोजा!"

"अगं बया, चेकरलाच घिऊन आली!" चतुराबाई ओरडली.

"चेकर न्हाई गं तो."

"तूच म्हणलीस की! चेकर हाय, पळा म्हणून!"

सोमेश्वरनं वहीवरून मान वर केली. पंचशीलेनं बाभळीकडं पाहिलं. बाभळीनं काही मदत केली नाही.

"म्हणजे... हा घोळ तुमचा?"

"मोजा आदी. हसा नंतर."

"त्रेसष्ट," तो म्हणाला. "शेळी सोडून."

मनगट अजून तिच्याच हातात होतं.

त्यानंतरचे रविवार. (वेळापत्रकात नोंद नाही.)

"मोजणी संपली न्हाई का तुमची?"

"एका माणसाची राहिलीय."

"फसवताय."

"मग खिडकी लावा."

ती लावत नसे.

सव्वा वर्षानं. नवं वेळापत्रक. पॅसेंजर: आगमन ६.५०, प्रस्थान ७.०८.

हॉल्ट राहिला. खडी उतरवायची जुनी बाजूची लाईन दुरुस्त झाली. पॅसेंजरनं तिच्यावर उभं राहायचं, इंटरसिटीनं शेजारून निघून जायचं.

पहिल्याच सकाळी सोमेश्वर डब्यातून उतरला. ती वाटच बघत होती, फक्त तसं दाखवत नव्हती.

"अठरा मिनिटं? मागच्या ठेसनात, घाटनांदूरला थांबवता आली असती की."

"आली असती. पण जिथं एक गाडी दुसरीला वाट देते, ते स्टेशन सहजासहजी बंद करत नाहीत."

"एवढंच कारण?"

इंटरसिटी धडधडत गेली. धूळ, राख, तिची ओढणी, सगळं एकदम उडालं. मग शांतता. पुढची लाईन मोकळी व्हायला सोळा मिनिटं शिल्लक.

"एवढंच नाही," तो म्हणाला. खळी पडली नव्हती. घाबरला होता बिचारा.

पंचशीलेनं हात पुढं केला. "तिकीट दाखवा."

त्यानं दिलं. घाटनांदूर ते बोरखेडी. तिनं उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं पाहिलं.

"परतीचं कुठंय?"

"ते... तुम्ही सांगाल तसं."

तिनं तिकिटाची नीट घडी घातली, डब्याच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.