सत्तेचाळीस नंबरचं टोकन

"ओ भाऊ, रांग बाहेरून आहे. खिडकीत कायले घुसून राह्यले?"

सत्यशीलानं मान वर न करताच हाणलं. खिडकीतला माणूस 'बरं' म्हणाला आणि गुमान मागं गेला. केसांत कापसाचे धागे, हातात हेल्मेट. आर्णीच्या ज्या कापूस जिनिंगमध्ये सत्यशीला टोकन द्यायची, तिथं त्या दिवशी शेतकऱ्यांची रांग पार गेटापर्यंत गेली होती. अर्ध्या तासानं तोच चेहरा पुन्हा खिडकीत आला.

"नाव?"

"सेवादास राठोड."

"गाव?"

"इथलाच. तांड्यावरचा."

"कापूस किती आणला?"

"कापूस नाही आणला जी. तुमच्या कॉम्प्युटरात हा नंबर लावायचा प्रोग्राम आहे ना… तो मीच बनवला. बरोबर चालते का, तेवढं पाहाले आलतो."

अगं बाई! सत्यशीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याच्या प्रोग्रामवर आपली नोकरी, त्यालाच अर्धा तास उन्हात उभं केलं!

"आधी सांगाचं ना वो!"

"तुम्ही सांगू कुठं दिलं?" तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा. "आता रांगेत उभा राह्यलोच, तं टोकन तं द्या."

टोकन निघालं, सत्तेचाळीस नंबरचं. त्यानं ते घडी घालून वरच्या खिशात ठेवलं.

प्रोग्राम मोठा गुणाचा होता. नाव लिहिलं की टोकन निघायचं आणि नंबर लागायच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जायचा. दोन-दोन दिवस गाडीखाली झोपायची पाळी त्या हंगामात कुणावर आली नव्हती. दर सोमवारी सेवादास यायचा, मशीन बघायचा. मशीन बघायला पाच मिनिटं लागायची, आणि तो दीड तास बसायचा… आता यावर आपण काय बोलावं?

"हे पायथॉन म्हणजे काय हो?" एकदा तिनं विचारलं.

"दुभाष्या. आपण लिहिलेलं मशीनले समजावून सांगते."

"मले बी द्या एखादा. समोरच्याच्या मनातलं समजत नाही कधी कधी."

"कोणत्या समोरच्याच्या?"

ती एकदम कीबोर्ड पुसायला लागली.

आणि मग आला तो शनिवार. सत्यशीलानं इंटरनेटवर पाहिलं, पायथॉनची नवी आवृत्ती आली होती. तिच्या मनानं घेतलं, सोमवारी तो यायच्या आत सगळं नवंकोरं करून ठेवायचं… डावा डोळा मिटून हसेल! तिनं नवं उतरवलं, बसवलं. घरी नवा स्टोव्ह आला की आई जुना भंगारवाल्याला देऊन टाकायची. त्याच रीतीनं पोरीनं जुनं पायथॉन काढून टाकलं आणि हात झटकून घरी गेली.

सोमवारी सकाळी प्रोग्राम सुरूच होईना. पडद्यावर नुसत्या लाल ओळी. शनिवारपासून एकही मेसेज गेला नव्हता. ज्यांचा नंबर होता ते आलेच नाहीत आणि बाकीचे अंदाजानं एकदम आले. साठेक गाड्या आवारात अडकल्या. त्यात भर जानेवारीत अवकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. भिजलेला कापूस कोण घेतो? ताडपत्र्यांसाठी धावाधाव, शिव्या, हंबरणारे बैल… नुसता कल्ला.

सेवादास भिजतच आला. मॅनेजर देवीलालजी सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर गेले. "तांड्यावरच्या पोराच्या हाती मशीन दिली, हीच माही गलती!"

सेवादासचा चेहरा उतरला. तो सत्यशीलाकडं वळला, हळूच म्हणाला, "तुम्ही काही केलं का याच्यात?"

"न्… नाही."

एवढासा शब्द. पण तोंडातून गेला आणि सत्यशीलाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. असली बोलणी काय असतात ते तिला का ठाऊक नव्हतं? तिच्या बापानं, आज्यानं वस्तीचं नाव सांगितलं की असेच टोमणे गिळले होते. आणि आज तिनं तोच टोमणा दुसऱ्याला खाऊ दिला, स्वतः सुकी राहून.

सेवादास मशीनपुढं बसला. मिनिटभर पडद्याकडं बघत राहिला. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून काहीतरी बसवलं आणि उठला.

"झालं चालू. माह्याच हातची चूक होती, साहेब."

"उद्यापासून येऊ नको," देवीलालजी म्हणाले.

तो बाहेर गेला आणि पावसात नागोराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गाडीवर ताडपत्री ओढायला लागला. सत्यशीला खिडकीतून बघत होती. त्या दिवशी तिनं डबा भरलेलाच घरी नेला. लाज, लाज, नुसती लाज वाटत होती. आईनं विचारलं, "काहून गं, बरं नाही का?" तिला आईच्या डोळ्यांतही बघवेना.

दुसऱ्या दिवशी सेवादास आपली केबल न्यायला आला. तो दारात दिसला आणि सत्यशीलानं नंबर पुकारायचा माइक ओढून घेतला. आवाराचा भोंगा खरखरला.

"ऐका हो मंडळी… शनिवारपासून तुमाले मेसेज आला नोता, ते माह्यामुळं. मशीनमधलं जुनं मी काढून टाकलं, न विचारता. राठोडांची काहीच चूक नोती. त्यायनं मले विचारलं, तवा मी… मी खोटं बोलली. ज्यायचा कापूस भिजला त्यायनं मले बोलावं. त्यायले नाही."

देवीलालजींनी आधी तिच्याकडं, मग सेवादासकडं पाहिलं. "नोकरीचं तुहं मग पाहू," ते तिला म्हणाले. मग खाली बघत पुटपुटले, "आणि तू रे… सोमवारी येत जा. काल जास्त बोललो मी." आणि वजनकाट्याकडं निघून गेले.

खोलीत दोघंच उरले. तिला मान वर करवेना.

"तुमाले… मालूम होतं?"

"जुनं कधी काढलं ते दिसते ना मशीनमध्ये. शनिवार, चार वाजून दहा मिनिटं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राह्यलतो." त्याचा आवाज जरा दुखावलेलाच होता. "काल 'नाही' म्हटलं ना तुम्ही… देवीलालजींपेक्षा ते लागलं मले."

तिचे डोळे भरले. "माफ करान?"

त्यानं केबल गुंडाळली, पुन्हा उलगडली. मग म्हणाला, "नवं आलं म्हणून जुनं काढा लागत नाही, सत्यशीला. एकाच मशीनमध्ये दोघं सोबत राहतात. दोघायची बोली येगळी, पण भांडत नाहीत."

"घरात बी?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"माही याडी, म्हणजे आई, तं म्हणते राहतात. तुमच्या घरचं… तुम्ही विचारा."

"विचारीन," ती म्हणाली. "या बारीला खरं बोलीन."

त्यानं वरच्या खिशातून एक चुरगाळलेलं टोकन काढून खिडकीवर ठेवलं. "अडीच महिने झाले. माहा नंबर अजून कोणी पुकारला नाही."

सत्यशीलानं डोळे पुसले, टोकन हातात घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सत्तेचाळीस नंबर… लागला जी तुमचा."

बाहेर कालपासून अडकलेल्या गाड्यांत एकदम हशा पिकला. "लागला रे बाप्पा, लागला!" नागोराव ओरडला. माइक चालूच राहिला होता! सत्यशीलानं ओढणीत तोंड लपवलं. लाज तर आजही वाटत होती तिला… पण तिनं माइक बंद केला नाही.