करंगळीचा स्वर

बाबांच्या संगणकात वाद्य एकच होतं, तेही फुकटातलं; संगणकाला वायरने जोडलेल्या, पेटीसारख्या पट्ट्यांवर ते वाजायचं. त्यात एका वेळी चारच स्वर वाजत. पाचवी पट्टी दाबली की सगळ्यात आधी दाबलेला स्वर मुकाट गळून पडे. किती स्वर वाजताहेत त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसे. दादाने पूर्ण वाद्य घेऊन देतो म्हटलं, तेव्हा बाबा हसले होते. "आपण चौघं बोलतो तेच कुणाला ऐकू येत नाही. पाचवा कशाला?"

निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी त्या चार स्वरांत काढली. डाव्या करंगळीने खालचा एक स्वर धरायचे आणि उरलेल्या तीन स्वरांत धून बसवायचे. धून संपली तरी करंगळी उचलत नसत. मग आई आतून ओरडायची, "सोडा हो आता, चहा गार होतोय."

ते जाऊन सात आठवडे झाले होते. आईच्या सत्तरीसाठी त्यांनी बांधायला घेतलेली धून शेवटच्या ओळीवर अडली होती. ते वाद्य दुसऱ्या संगणकावर चालत नव्हतं, आणि हा संगणक दादा संध्याकाळी भंगारात देणार होता. लेकीच्या हातात एवढी एकच दुपार होती.

ती त्यांच्या खुर्चीत बसली. उशीला अजून त्यांचा खळगा होता. शेवटच्या ओळीसाठी तिने चार पट्ट्या दाबल्या. चारही स्वर लागले, आणि लगेच पहिला गळून पडला. त्याच्या जागी खाली, अगदी खाली, एक स्वर घुमू लागला.

धूळ असेल. तिने पट्ट्या पुसल्या, एकेक दाबून पाहिली. सगळ्या ठीक होत्या.

पुन्हा चार. पुन्हा पहिला गेला.

तिने डावी करंगळी आत मिटली. मग तिने तीनच पट्ट्या दाबल्या.

आकडा चार झाला.

ओळ पूर्ण झाली. तिने ती ध्वनिमुद्रित केली आणि हात उचलले. खालचा स्वर चालूच होता. आकडा एक.

कधीकधी स्वर अडकतो, हे तिला ठाऊक होतं. तिने पट्ट्यांची वायर उपसून काढली.

एक.

आतून, भांडी आवरता आवरता, आईने सवयीने हाक दिली, "सोडा हो आता, चहा गार होतोय."

थोडा वेळ काहीच झालं नाही. बाबांनी पहिल्या हाकेला कधीच ऐकलं नव्हतं.

मग आकडा शून्य झाला.